रंगखात्यामागची माती

"खायच्या झाडाला ती माती घालू नका हां, ताई," शेवंतीबाई म्हणाली होती. "शोभेचं काय ते लावा. पुदिना, ओवा असलं नको. त्या कोपऱ्यात गवतपण उगवत नाय, कधी बघितलंत काय?"

शेवंतीबाई करी रोड स्टेशनबाहेर हातगाडीवर रोपं विकते. मी तिच्याकडून पानओव्याची एक जाड फांदी निवडत होते, माझी मुलगी नूपुर कडेवर होती. माती आमच्याकडे आहे, सासऱ्यांनी गिरणीच्या रंगखात्यामागून आणलीय, एवढंच मी बोलले होते. त्यावर ती हे म्हणाली. मला वाटलं, हिला तिच्याकडची मातीची पिशवी खपवायची आहे. मी हसले. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलेली बाई हसते तशी. पुदिना सिमेंटच्या भेगेतही येतो, एवढं मला माहीत होतं.

आणि तो आला. सगळंच छान आलं.

आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. आमची चाळ होती त्याच जागेवर, फक्त वर. मी, अजित, आमची नूपुर आणि माझे सासरे शामराव, म्हणजे आप्पा. सासूबाई चाळ पडायच्या आधीच गेल्या. चाळीत असताना गॅलरीच्या कठड्यावर आप्पांचे डबे असायचे, तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे. त्यातला पुदिना आणि ओवा सगळा मजला तोडून न्यायचा. टॉवरमध्ये गॅलरी नाही. दारं बंद असतात. पहिले सहा महिने आप्पा लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसायचे. तिथे निदान माणसं दिसतात, म्हणायचे. लिफ्टमधून कोणी उतरलं की "जयभीम" नाहीतर "काय मग" करायचे, आणि माणूस आत गेला की पुन्हा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत बसायचे.

शेजारच्या गिरणीच्या जागेवर मोठ्या टॉवरसाठी खोदकाम सुरू झालं, तेव्हा ते रोज खाली उतरून पत्र्याच्या फटीतून बघायला लागले. त्याच गिरणीच्या रंगखात्यात, कापड रंगवायच्या विभागात, त्यांनी सगळी नोकरी केली होती. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका दुपारी ते वॉचमनच्या मदतीनं दोन गोण्या भरून वर घेऊन आले. चेहऱ्यावर असं काही होतं, जे चाळ सुटल्यापासून मी बघितलं नव्हतं.

"नम्रता, ही बघ गो. रंगखात्याच्या मागची. आम्ही दुपारच्या सुट्टीत इथंच डबे खायचो."

माती काळी होती. ओली केली की तिच्यात कुठेकुठे पिवळट रेघ उमटायची. चिकणमाती असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मग आमच्या खिडकीचं रूपच पालटलं. बाहेरची ग्रिल जेमतेम दीड फुटाची, सकाळी आठ ते अकरा ऊन. मासळीवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, त्यात धणे. आधी ते आप्पा चपलेखाली रगडायचे, दोन दोन तुकडे होईपर्यंत. पुदिन्याच्या काड्या काचेच्या ग्लासात, मुळं पांढरी फुटली की डब्यात. बाजारातून आणलेल्या गवती चहाचं बूड. एका कापलेल्या तेलाच्या कॅनमध्ये तुळस, आमच्याकडे ती पूजेला नाही, खोकल्याला. आणि आइस्क्रीमच्या डब्यांमध्ये पानओवा. डब्यांना तापलेल्या खिळ्यानं भोकं पाडायचं काम आप्पांचं, माती थोपटायचं काम नूपुरचं. दीड वर्षाची होती. "थोप, थोप," म्हणायची आणि तळहात आपटायची.

मी तिचे हात धुवायचे. तिची नखं दर तिसऱ्या दिवशी कापायचे. ग्रिलचे बोल्ट रोज हलवून बघायचे, ती झोपलेली असताना तिच्या नाकापुढे बोट धरायचे, ती काय खाते, किती वेळा शी करते, कुठला नवीन शब्द बोलते, हे सगळं मोबाइलमध्ये लिहून ठेवायचे. अजित म्हणायचा, "तू हिला वाढवतेयस की हिचं ऑडिट करतेयस?" घाबरायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी फक्त चुकीच्या जागी घाबरत होते.

फेब्रुवारीत तिनं जेवण सोडलं.

दात येत असतील, असं सगळे म्हणाले. मग पोट धरायला लागली. चार चार दिवस शी नाही. चेहरा पांढरट. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं, आणि ते बरोबरच होतं, रक्त कमी होतंच. आप्पांनी पानओव्याचं पान तव्यावर शेकलं, पिळून रस काढला, चिमूटभर साखर घालून चमच्यानं पाजला.

"अजितला ह्याच्यावर वाढवलाय तुझ्या सासूनं. पोटाला, छातीला, सगळ्याला चालतो. दोन पानं वाढव तू."

मी वाढवली. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. माझ्या हातानं.

मार्चमध्ये एका रविवारी मी मोबाइलमधली शब्दांची यादी उघडली. जानेवारीत तेवीस शब्द होते. चिऊ, दे, आप्पा, थोप, पाणी, बूट. मी तिच्यासमोर बसून एकेक वस्तू दाखवत गेले. बूट दाखवला. ती बुटाकडे बघत राहिली. चिमणीचं चित्र दाखवलं. ती माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत होती. नऊ शब्द उरले होते. मी तिला हाक मारली, "नूपुर." पुन्हा मारली. पंख्याच्या आवाजाकडे तिची मान वळली, माझ्याकडे वळली नाही.

"मूड नसेल गं तिचा," अजित म्हणाला. पण टीव्ही त्यानं बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही परळला डॉक्टर सुचित्रा यांच्याकडे गेलो. आप्पाही आले, नूपुरला त्यांनीच उचललं होतं. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून बघितली, हिरड्या बघितल्या, तिला जमिनीवर चालवलं. ती चार पावलांनंतर बसली. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज अगदी साधा होता, त्यामुळे मी जास्त घाबरले.

"काजळ घालता?"

"घालते. विकतचं."

"हळद सुटी आणता की पाकिटातली?"

"सुटी. लालबागला मसाल्याच्या गल्लीतून दळून."

"घराला जुना रंग? पोपडे निघतात?"

"नाही, नवीन बिल्डिंग आहे."

"माती खाते का?"

"शी! नाही हो," मी म्हणाले.

हे मी कसं म्हणाले, ते मला रोज आठवतं. त्यांनी प्रश्न पूर्ण करायच्या आत. जसं काही त्या माझ्या घराच्या स्वच्छतेबद्दल विचारत होत्या. आप्पा माझ्या शेजारी उभे होते. ते नूपुरचे मोजे सारखे करत होते.

रक्त घेतलं. दोन दिवसांनी दुपारी डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. डॉक्टर स्वतः फोन करतात तेव्हा काय असतं, हे फोन उचलायच्या आत कळतं.

"नूपुरच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "शिसं, धातू. पाचच्या आत असायला हवं. हिचं बावन्न आलंय. उद्या सकाळी ॲडमिट करू. औषध आहे, पण नम्रता, ज्यातून जातंय ते आधी सापडलं पाहिजे. नाहीतर आपण एका बाजूनं काढू आणि दुसऱ्या बाजूनं भरत राहील. ते मेंदूवर जातं. वेळ घालवू नका."

फोन ठेवला आणि मी घर फोडायला घेतलं. दुसरा शब्द नाही. काजळाची डबी कचऱ्यात. हळदीची बरणी, मिरचीपूड, मसाला, सगळं एका पिशवीत. रंगीत ठोकळे, पत्र्याची गाडी, पायातल्या घुंगरांची साखळी. अजित ऑफिसातून निघाला होता. नूपुर गादीवर डोळे उघडे ठेवून पडली होती. मी कपाटाखाली वाकून काहीतरी ओढत होते, काय ते आठवत नाही, तेव्हा दारात आप्पा उभे दिसले.

"नम्रता."

"आप्पा, थांबा जरा, प्लीज."

"खाते ती."

"काय खाते?"

"माती. चिमूटभर. डब्यातली. थोपटताना बोट घालते तोंडात. मी तोंड पुसतो ना तिचं लगेच. रोज पुसतो."

मी कपाटाखालून बाहेर आले.

"तुम्हाला माहीत होतं? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथे होतात."

"तू ओरडली असतीस गो. झाडं काढून टाकली असतीस." त्यांचा हात दाराच्या चौकटीवर वरखाली फिरत होता. "सगळीच पोरं खातात. अजितनं काय कमी खाल्ली? काय झालं त्याला? आणि ती काय गटारातली माती आहे? मी छत्तीस वर्षं त्या मातीत..."

तिथे ते थांबले. त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही. रंगखातं. पिवळा रंग, हिरवा रंग, पिंपं धुतलेलं पाणी. ते पाणी कुठे जायचं, ते त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?

"मागच्या दारानं," ते हळूच म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं. "पिंपं धुवून मागच्या दारानंच ओतायचो आम्ही."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. खूप. पण ओरडले असते तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं, की मी ओरडते म्हणून घरातली माणसं मला सांगत नाहीत. म्हणून मी रुमाल नाकाला बांधला आणि एकेक डबा ग्रिलमधून आत काढून पिशवीत घालायला लागले. पानओवा एवढा मांसल, एवढा हिरवागार होता. हात लागला की वास घरभर. त्याच्याकडे बघून कोणालाही काही कळलं नसतं. मला कळलं नाही.

नूपुर एकोणीस दिवस हॉस्पिटलात होती. औषधाला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. ती थुंकायची, मी पुन्हा द्यायचे. डॉक्टरांनी माती तपासायला पाठवली. रिपोर्ट आला, त्यातला आकडा बघून अजितला वाटलं दशांशचिन्ह छापायचं राहिलंय. पानांवरच्या धुळीतही शिसं होतं. म्हणजे मी ज्या रसानं तिचं पोट बरं करत होते, त्यातूनही थोडं थोडं जात होतं. आप्पांचंही रक्त तपासलं, सत्तावीस निघालं. "माझं सोड," म्हणाले. ते हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर येऊन उभे राहायचे. वर यायचे नाहीत. शेवटी मीच त्यांना एक दिवस हाताला धरून वर नेलं, कारण नूपुर "आप्पा" म्हणाली होती. यादीतला तो शब्द गेला नव्हता.

त्या दिवशी डॉक्टर सुचित्रा यांनी विचारलं, "ही माती आणखी कोणाकडे गेलीय का?"

आप्पा खुर्चीवर बसले आणि बोटं मोजायला लागले. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, मग पुन्हा पहिल्या हातावर आले. ज्या घरात लहान मूल, त्या घरात ओवा पाहिजेच, हा त्यांचा जुना नियम. चाळीतला. टॉवरमध्ये तो त्यांनी पुन्हा सुरू केला होता आणि त्याच निमित्तानं दारं उघडायला लागली होती. चौदा डबे.

मी आणि अजित दारोदार फिरलो. कोणी लगेच दिले, कोणी हसले. पाचव्या मजल्यावरच्या रश्मीनं दाराच्या साखळीतूनच विचारलं, "सासऱ्यांशी भांडण झालंय काय वहिनी? झाडावर कशाला काढताय?" आठव्या मजल्यावर व्हायोलेट आँटी, चाळीतही आमच्या शेजारच्याच. त्यांनी पुदिन्याचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"शामराव देतो, सून काढून नेते. हा कुठला न्याय गं? पुदिना काय अतिरेकी हाय? माझा क्रिस दुबईशी आला की पयली याचीच चटणी मागतो."

मी त्यांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मग डबा जमिनीवर ठेवला, असा की आवाज होऊ नये.

"माझ्या पोटात गेलं ते जाऊं दे. सत्तरीची म्हातारी मी. पण अँड्रियाची पोर गं... दर रविवारी चर्चशी येते, माझ्या हातचं चटणीसँडविच खाते. चार वर्षांची हाय ती, नम्रता."

अँड्रिया त्यांची भाची, दादरला राहते. त्या पोरीचंही रक्त तपासलं. थोडं वाढलेलं होतं, औषध लागण्याइतकं नाही. ते कळेपर्यंतच्या तीन दिवसांत व्हायोलेट आँटींनी मला रोज सहा वेळा फोन केला. मी प्रत्येक वेळी उचलला. भीतीला सोबत लागते.

तेरा डबे आले. डॉक्टरांनी सांगितलं तसे दुहेरी पिशवीत बांधून बाजूला ठेवले. चौदावा कुणाकडे, ते आप्पांना सांगता येईना. म्हणजे आठवत होतं, पण सांगवत नव्हतं. दोन दिवस गेले. मग एका दुपारी, मी नूपुरला भात भरवत असताना, ते माझ्याकडे पाठ करून बोलायला लागले.

जानेवारीतली गोष्ट. ते परळला बसस्टॉपवर बसले होते. गिरणीतल्या एका जुन्या सोबत्याच्या नातवासाठी पानओव्याचा डबा घेऊन चालले होते. शेजारी एक पोरगी येऊन बसली. पोटुशी, सातवा महिना असेल. खोकत होती. आप्पांनी पान तोडून चावायला दिलं. गप्पा झाल्या. ती म्हणाली, "आजोबा, मला हल्ली मातीचा वासच बरा वाटतो. भिंतीला नाक लावून बसते. सासूबाई चिडतात." आप्पांनी अख्खा डबाच तिच्या मांडीवर ठेवला. बाळ झाल्यावर पहिल्या खोकल्याला कामाला येईल, म्हणाले.

"आणि?" मी विचारलं. कारण ते अजून माझ्याकडे वळले नव्हते.

"मी म्हटलं तिला," आप्पा म्हणाले, "चिमूटभर खाल्लीस तरी काय होत नाय पोरी. आमच्या गिरणीची माती आहे. कामगारांच्या घामाची."

मी हातातला घास ताटलीत ठेवला आणि ती कुठे राहते ते विचारलं.

तिची बस आली आणि ती गेली. अँटॉप हिलला जायचं होतं तिला, सरकारी क्वार्टर्समध्ये. नाव सांगितलं होतं, प्रिती. आडनाव आप्पांनी विचारलं नाही, फोन नंबर तर नाहीच. डाव्या भुवईवर कापल्याची छोटी खूण आहे, पिवळी शाल होती, बोलताना हात पोटावर ठेवायची. एवढंच. आता तिचं बाळ झालेलं असेल. महिन्या दोन महिन्यांचं.

डॉक्टरांना विचारलं. आईच्या रक्तातलं बाळात जातं, त्या म्हणाल्या. पोटात असताना जातं, दुधातूनही थोडं जातं. आणि बाळ रडत असेल, दूध ओढत नसेल, तर कोणीही म्हणेल की असतात अशी काही बाळं. मीही म्हणत होतेच की.

नूपुरचं आता एकवीसवर आलंय. शब्द चौदा झालेत. उरलेले येतील का, हे डॉक्टर सांगत नाहीत. "बघत राहू," म्हणतात. बघत राहण्याशिवाय मला दुसरं काही येतही नाही. खिडकी रिकामी आहे. आप्पा रोज सकाळी बसनं अँटॉप हिलला जातात. एकेका इमारतीखाली उभे राहून वर बघतात, खिडक्यांमध्ये, पत्र्यावर, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांच्या मागे. वॉचमन हटकतात. म्हातारा माणूस बायकांच्या खिडक्यांकडे कशाला बघतो, असं एकानं त्यांना तोंडावर विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिथे इमारती खूप आहेत. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि मी नूपुरला सोडून जाऊ शकत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये राहत असाल, किंवा तुमची मावशी, मैत्रीण, कामावरचं कोणी तिथे असेल, तर एवढं करा. खिडकीत आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात पानओवा दिसतो का बघा. झाड चांगलं टवटवीत असेल, त्यावर जाऊ नका. नुकतं बाळंतपण झालेली प्रिती नावाची कोणी आहे का, विचारा. माहेरी गेली म्हणाले तर माहेर कुठलं तेही विचारा. तिला घाबरवू नका, तिला दोष देऊ नका. फक्त डबा बाहेर काढायला लावा आणि तिचं नि बाळाचं रक्त शिशासाठी तपासून घ्यायला सांगा. ती "माझं बाळ बरं आहे" म्हणाली, तरी जरा थांबा. आत जाऊन बाळाकडे बघा. त्याला हाक मारा, आणि ते कुठे बघतंय ते बघा.